खोऱ्यातली जागा घेण्याआधी: कोल्हापूरच्या पश्चिम भागात दगड, उतार आणि भूजल कसं तपासावं

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, दूधगंगा, वेदगंगा, हिरण्यकेशी. यातल्या कुठल्याही खोऱ्यात दहा-वीस गुंठे बघायला गेलेला माणूस जागेच्या मधोमध उभा राहतो आणि समोरचा देखावा बघतो. जागेचं खरं भवितव्य पाठीमागं असतं, वरच्या अंगाला. वर कुठला दगड आहे, तिथलं पाणी कुठल्या थरावरून खाली सरकतं, ते तुमच्या हद्दीत कुठं अडतं आणि खाली कुठं बाहेर पडतं, एवढं कळलं की पाया, विहीर, शोषखड्डा (सांडपाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) आणि रस्ता या चारही गोष्टींचे निर्णय बरेचसे आपोआप लागतात. म्हणून तपासणी हद्दीच्या वर निदान शंभर-दोनशे मीटर आणि खाली ओढ्यापर्यंत करायची. जागा एकदाच बघून सौदा करू नका. एकदा मे महिन्यात आणि एकदा जुलै-ऑगस्टच्या झडीत बघा. दोन्ही शक्य नसेल तर पावसाळ्यातली फेरी सोडू नका.

आधी कागद आणि नकाशे

सातबारा आणि फेरफार वकील बघेलच. तुम्ही गटाचा नकाशा महाभूनकाशावरून काढा आणि उपग्रह चित्रावर बसवून बघा. गटातून किंवा गटाला लागून ओढा, ओघळ, पाणंद जाते का हे तिथं कळतं. ओघळ बुजवून सपाट केलेले प्लॉट हा या भागातला नेहमीचा घोटाळा आहे. जुन्या वर्षांची उपग्रह चित्रं उलटी चाळत गेलात की बुजवलेला ओघळ हिरव्या वाकड्या रेघेसारखा दिसतो. पाणी ती वाट विसरत नाही. भराव घातला तरी खालून पाझर तिथूनच चालतो आणि तीन-चार पावसाळ्यांत भराव बसतो.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश संकेतस्थळावर दगडांचा नकाशा आणि भूस्खलन प्रवणतेचा नकाशा फुकट बघता येतो. तो १:५०,००० प्रमाणातला आहे, म्हणजे नकाशावरचा एक सेंटीमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर भरतो. गाव कुठल्या पट्ट्यात आहे ते त्यावरून कळेल, तुमचा बांध कळणार नाही. नदीकाठच्या जागेसाठी पाटबंधारे खात्याकडून निळ्या आणि लाल पूररेषेची माहिती घ्या. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करता येत नाही. दोन्हींच्या मध्ये अटी असतात. अभयारण्य आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील गावांच्या यादीत गाव आहे का, हेही तालुक्याला विचारून ठेवा.

दगड वाचायला शिका

जिल्ह्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेला आहे. एकावर एक थर साचत गेले, म्हणून डोंगराला पायऱ्या दिसतात. प्रत्येक थराचे भाग वेगळे वागतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण. त्यात पाणी फक्त भेगांतून चालतं. वरचा भाग बुडबुड्यांचा, छिद्रांत पांढरे-हिरवट खडे भरलेला. तो लवकर कुजतो आणि त्याचा मुरूम होतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी विटेसारखा लाल, हाताला लागणारा मातकट थर सापडतो. तो पाणी खाली सोडत नाही. वरून झिरपलेलं पाणी या लाल थरावर अडतं, आडवं सरकतं आणि डोंगराच्या बगलेत झरा होऊन बाहेर पडतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, गवत वाळल्यावर, समोरच्या बाजूनं डोंगराकडं बघा. एकाच उंचीवर आडवी हिरवी रेघ दिसते: उंबर, जांभूळ, करंज, मध्येच एखादं पाणवठ्याचं ठिकाण. ती थरांची सांध आहे. तुमची जागा त्या रेघेच्या जरा खाली असेल तर विहिरीला पाणी मिळण्याची शक्यता चांगली. पण पायाच्या खड्ड्यात पावसाळाभर पाणी येणार आणि मागची भिंत ओली राहणार, हेही त्याच रेघेनं सांगितलेलं असतं.

पठारांच्या माथ्यावर, पन्हाळा, मसाई पठार, राधानगरी-शाहूवाडीचे सडे, तिथं जांभा आहे. त्यातच काही ठिकाणी बॉक्साइट सापडतं. जांभ्याचा वरचा कडक पापुद्रा बघून लोक खूश होतात. पण त्याच्याखाली बऱ्याचदा पांढरी-गुलाबी, मऊ, शाडूसारखी माती असते. पाणी ही माती आतून धुऊन नेतं आणि पोकळ्या तयार होतात. जांभ्यावर बांधायचं असेल तर पायाच्या प्रत्येक कोपऱ्याखाली पहार आपटून ऐका. भरीव आवाज आणि पोकळ आवाज यातला फरक नवख्यालाही कळतो. शंका आली तर तिथं भोक पाडून खात्री करा. जांभा पाणी भराभर पितो आणि भराभर सोडतोही. त्यामुळं माथ्यावरची विहीर दिवाळीला तुडुंब आणि मार्च-एप्रिलला कोरडी असू शकते. त्याच जांभ्याच्या पायथ्याचा झरा मात्र बारमाही असतो.

दक्षिणेला गडहिंग्लज, आजरा, चंदगड भागात काही ठिकाणी लाव्ह्याच्या खालचा जुना वालुकाश्म आणि पांढरट, काचेसारखा कडक क्वार्टझाइट उघडा पडलाय. तिथं बेसाल्टचे ठोकताळे लावू नका. पाणी भेगांच्या पट्ट्यातच मिळतं आणि दहा फूट सरकलं तरी बोअर कोरडी जाते.

सगळ्यात फसवा थर म्हणजे पायथ्याचा राडा: डोंगरावरून शेकडो वर्षं घसरत आलेली माती आणि गोटे. जेसीबीचं बकेट दोन मीटरवर खडखडलं की ऑपरेटर म्हणतो, "कातळ लागला." तो ट्रकएवढा सुटा गोटाही असू शकतो आणि त्याच्याखाली पुन्हा चिकणमाती. ओळखायची रीत अशी: दीड-दोन मीटर बाजूला दुसरा खड्डा घ्या. तिथं तेवढ्याच खोलीवर दगड लागला नाही तर पहिला गोटा समजा. दोन्हीकडं लागला तरी ब्रेकरनं किंवा ड्रिलनं निदान तीन मीटर आत जाऊन अखंड दगड आहे याची खात्री करा. गोट्याच्या आजूबाजूला मातीत इतर टोकदार, वेगवेगळ्या जातीचे दगड मिसळलेले दिसले तर तो राडाच.

उतार मोजा, अंदाज करू नका

राज्याच्या बांधकाम नियमावलीत १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर विकासाला मनाई आहे. म्हणजे दहा मीटर आडवं गेल्यावर दोन मीटर उतरणारी जमीन, साधारण ११ अंश. डोळ्याला हा उतार फारसा वाटत नाही, म्हणून मोजायचा. १५-२० मीटर लांबीची पारदर्शक नळी, पाणी, दोन काठ्या आणि टेप पुरतात. नळीत बुडबुडा राहू देऊ नका. एका बुडबुड्यानं माप चुकतं. एक टोक वरच्या काठीला, दुसरं दहा मीटर खालच्या काठीला धरा. दोन्हीकडं पाण्याची पातळी स्थिर झाली की जमिनीपासूनचं अंतर मोजा. दोन अंतरांतला फरक म्हणजे उतार. प्लॉटच्या तीन रेघांवर, वरपासून खालपर्यंत, हे करा. जिथं उतार एकदम बदलतो ती जागा नोंदवा. सपाटीनंतर अचानक तीव्र, मग पुन्हा सपाट, असा आकार असेल तर तिथं कधीतरी जमीन सरकलेली असू शकते.

जमीन हलत असल्याच्या खुणा साध्या आहेत. उताराला आडव्या, चंद्रकोरीसारख्या भेगा. बुंध्यापाशी वाकून वर सरळ झालेली झाडं. कललेले विजेचे खांब. फुगलेली दगडी ताल, म्हणजे माती अडवायला रचलेला बांध. कोरड्या दिवसांतही ओलसर, लव्हाळ्याचा पट्टा. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या तर भूवैज्ञानिक बोलावल्याशिवाय इसार देऊ नका. माळीण ३० जुलै २०१४ ला, तळीये २२ जुलै २०२१ ला आणि इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ ला डोंगराखाली गेली. तिन्ही वेळा महिना जुलै, सलग मुसळधार आणि वर तीव्र उतारावरची भिजून जड झालेली माती. पश्चिम कोल्हापुरात या तिन्ही गोष्टी जमणाऱ्या जागा आहेत. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात दहापट फरक, म्हणून शिरोळच्या मिस्त्रीचा अनुभव गगनबावड्यात चालत नाही.

वरून येणाऱ्या पाण्याचा हिशेब करा. तुमच्या मागं तीन एकर उतार आहे आणि एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या तीन एकरांवर सुमारे १२ लाख लिटर पाणी पडलं. पावसाळ्याच्या मध्यात जमीन तुडुंब असते आणि यातलं बहुतेक वाहत तुमच्याकडं येतं. म्हणून हद्दीच्या वरच्या बाजूनं दगडी चर काढायचा, त्याला ओढ्यापर्यंत सलग उतार द्यायचा आणि शेजाऱ्याशी त्या वाटेबद्दल आधीच लेखी बोलून ठेवायचं. घराची जागा करताना उताराचा पाय कापू नका. कापावाच लागला तर उंची कमी ठेवा आणि एका उंच भिंतीऐवजी दोन-तीन ताली करा. भिंतीमागं खडीचा थर आणि भिंतीत दर दीड मीटरला ७५ ते १०० मिलिमीटरची पाण्याची भोकं हवीतच. मातीपेक्षा तिच्यात साठलेलं पाणीच भिंत पाडतं. अर्धं घर कापलेल्या कातळावर आणि अर्धं भरावावर हे तर अजिबात नको. सांध्यावर तिरकी भेग पडते आणि ती बुजवून थांबत नाही.

चाचणी खड्डे

दहा गुंठ्यांना निदान तीन: वरचा कोपरा, मध्य, खालचा कोपरा. खड्डा साधारण एक मीटर रुंद, दीड-दोन मीटर लांब, अडीच ते तीन मीटर खोल. सव्वा मीटरच्या खाली आधार न देता माणूस उतरवू नका. काळ्या मातीची भिंत उभीच्या उभी पडते, वर आवाज येण्याआधी. बकेटमधून वर आलेली माती थरानुसार वेगळी टाकायला लावा, टेप लटकवून फोटो घ्या आणि प्रत्येक थराची खोली, रंग, ओल लिहा. राखाडी-निळसर डाग म्हणजे तिथं बराच काळ पाणी थांबतं. गंजासारखे ठिपके म्हणजे पाणी वर-खाली होतं. पांढरे चुनखडीचे दाणे फुगणाऱ्या काळ्या मातीत खूपदा सापडतात. खड्डा २४ तास उघडा ठेवा, कुंपण घालून. दुसऱ्या दिवशी कुठल्या थरातून पाझर आला ते दिसतं आणि हीच या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची माहिती असते.

काळी किती फुगते हे घरीही ढोबळ कळतं. माती वाळवून बारीक कुटा, गाळून दहा-दहा ग्रॅमचे दोन भाग करा. १०० मिलीच्या दोन मापनळ्यांत टाका, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल भरा. ढवळून हवा काढा आणि २४ तास ठेवा. रॉकेलात माती फुगत नाही. रॉकेलात १० मिली आणि पाण्यात १६ मिली भरली तर फुगणं ६० टक्के. ५० च्या वर अति, ३५ ते ५० जास्त, २० च्या खाली कमी, असं भारतीय मानक सांगतं. आकडा ३५ च्या वर गेला तर प्रयोगशाळेतून रीतसर तपासणी करा आणि पाया काळीच्या खाली घट्ट मुरमापर्यंत न्या. काळी फार खोल असेल तर पाइलचा (खोल घट्ट थरापर्यंत नेलेल्या काँक्रीटच्या खांबांचा) विचार इंजिनिअरकडून करून घ्या. मे महिन्यात पडलेल्या भेगेत पातळ तार सोडून खोली मोजून ठेवा. तेवढ्या खोलीपर्यंत माती दरवर्षी हलते.

भूजल: कुणी पाणी सोडलंय ते आधी विचारा

आजूबाजूच्या चार-पाच विहिरींत पाण्याची पातळी सकाळी मोटार चालू होण्याआधी टेपला वजन बांधून मोजा. काठापासून मोजलंत तर काठाची उंची वजा करा. मे अखेरचा आणि ऑक्टोबरचा, असे दोन आकडे हवेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी जवळच्या असतील तर त्याही मागा.

कोल्हापुरात भूजलाला पावसाशिवाय आणखी दोन धनी आहेत. एक, ऊस. वरच्या अंगाला उपसा सिंचनाचं पाणी आलेलं असेल तर पाळी सुटल्यावर दोन-तीन दिवसांत खालच्या खड्ड्यात पाणी दिसू शकतं, ऐन एप्रिलमध्येसुद्धा. म्हणून खड्डा घेतला त्या आठवड्यात वर पाळी चालू होती का, हे नोंदीत लिहा. दोन, आपले कोल्हापुरी बंधारे. पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे बंधाऱ्याच्या दारांत बसवायच्या फळ्या, घातले की नदी फुगते आणि काठच्या विहिरी वर येतात. बरगे काढले किंवा धरणाचं आवर्तन थांबलं की उतरतात. बरगे असताना बघितलेली विहीर बारमाही समजून जागा घेतलेल्यांची मे महिन्यात पंचाईत होते.

विहिरीची ताकद मोजायची तर मोटारीनं पातळी दीड-दोन मीटर उतरवा, बंद करा आणि तासात किती चढते ते बघा. सहा मीटर व्यासाची विहीर तासाला ३० सेंटीमीटर भरली तर आवक सुमारे ८,५०० लिटर. हे माप मे महिन्यातलंच खरं.

पुराबद्दल गावात विचारताना "पूर येतो का" असं विचारू नका. "२०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर होतं, किती दिवस होतं आणि कुठून आलं," असं विचारा. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. पंचगंगेचं पात्र खालच्या अंगाला सपाट आहे आणि कृष्णा भरलेली असली की पाणी उतरत नाही, फुगवटा मागं सरकतो. मग नदीपासून लांबच्या जागेतही ओढ्यातून उलटं पाणी शिरतं. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. शहराजवळच्या जागेबद्दल कुठल्या फुटाला रस्ता बंद होतो, हे शेजारच्या दूधवाल्याला पाठ असतं. भिंतीवरची पुराची खूण सापडली तर तिथपासून तुमच्या जोत्यापर्यंत नळीनं पातळी आणा.

बोअर

लाव्ह्याच्या दगडात पाणी कुजक्या थरात, बुडबुड्यांच्या थरात आणि सांध्यात. खोल गेलं की भेगा मिटत जातात, म्हणून ६०-९० मीटरपर्यंत काही लागलं नाही तर आणखी शंभर मीटर ढकलणं बहुतेक वेळा पैशांचा चुराडा असतो. शिवाय ६० मीटरच्या खाली जाण्यावर अधिसूचित क्षेत्रात कायद्याची बंधनं आहेत. गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोताजवळ घेणार असाल तर आधी ग्रामपंचायतीला आणि भूजल यंत्रणेला विचारा. पाणाड्यानं नारळ फिरवला तरी जागा ठरवताना हिरव्या रेघा, ओघळांचा संगम आणि शेजारच्या बोअरची खोली यांवर भर द्या, शक्य असेल तर विद्युतरोधकता सर्वेक्षण (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखायची तपासणी) करून घ्या.

खोदताना स्वतः उभे राहा. प्रत्येक रॉडला बाहेर पडणारा चुरा मूठभर वेगळा ठेवा: काळी पूड म्हणजे घट्ट पाषाण, पांढरे-हिरवे कण म्हणजे बुडबुड्यांचा थर, लाल चिखल म्हणजे अडवणारा थर. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात घालायचा पाइप, मुरूम संपवून अखंड कातळात निदान एक मीटर बसलं पाहिजे. खर्च वाचवायला ते वर थांबवलं तर पहिल्याच पावसाळ्यात माती ढासळते, मोटार गाळात रुतते आणि वरचं घाण पाणी थेट खाली जातं.

"दोन इंची पाणी लागलं" हे वाक्य नीट समजून घ्या. व्ही खाचेच्या पट्टीवर, म्हणजे व्ही आकाराच्या खाचेतून वाहणाऱ्या पाण्याची उंची धरून, मोजलं असेल तर एक इंच म्हणजे तासाला सुमारे ५०० लिटर, दोन इंच म्हणजे २,९०० आणि तीन इंच म्हणजे जवळपास ८,०००. इंच दुप्पट झाला की पाणी साडेपाचपट होतं. खाच नसेल तर १५ लिटरची बादली आणि घड्याळ घ्या. २० सेकंदांत भरली तर तासाला २,७०० लिटर. पाच माणसांच्या घराला दिवसाला सातशे लिटरच्या आत भागतं, म्हणजे एक इंची बोअरही घराला पुरते. शेतघरावर तलाव, बाग आणि पाहुणे येणार असतील तर पुरणार नाही. ऑगस्टमध्ये पाडलेल्या बोअरच्या आकड्यावर विसंबू नका. मेमध्ये तीन-चार तास सलग उपसून पुन्हा मोजा.

पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन मान्य प्रयोगशाळेत द्या. विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या आत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात. नायट्रेट ४५ च्या वर नको. उसाच्या पट्ट्यात खतांमुळं तेच आधी वाढतं. बांधकामाला तेच पाणी वापरणार असाल तर लोखंडी काँक्रीटसाठी क्लोराइड ५०० आणि सल्फेट ४०० मिलिग्रॅमच्या आत हवं. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीजवळ ही तपासणी टाळू नका. तिथं माती आणि पाणी दोन्ही सळई खातात.

शोषखड्डा बोअरनंतर ठरवायचा. ठरलेल्या जागी शोषखड्ड्याच्या खोलीपर्यंत छोटा खड्डा घ्या, आदल्या दिवशी पाण्यानं भरून भिजवा. मग तळाला पाच सेंटीमीटर खडी टाकून वर १५ सेंटीमीटर पाणी भरा आणि २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. तासाच्या वर गेलं तर माती पिणार नाही, दुसरी व्यवस्था करा. विहीर-बोअरपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर अंतर मानकात आहे. पण जांभ्यात आणि भेगाळ कातळात पाणी १८ मीटर सहज पळतं, म्हणून तिथं अंतर जमेल तेवढं वाढवा आणि शोषखड्डा बोअरच्या खालच्या अंगालाच ठेवा. शेजाऱ्याची विहीर तुमच्या खालच्या अंगाला असेल तर हेच माप तिच्यापासूनही धरा.